रोझीनाच्या लग्नातली चक्की

वेस्का, १४ मार्च १९१०

इग्नात्स,

तुझं पत्र मिळालं. चार पानं लिहिलीस आणि चारही पानांत चक्की. माझ्या गुडघ्याची चौकशी करायला पाचवं पान लागलं असतं, म्हणून राहिली असेल. गुडघा होता तसाच आहे.

तर व्हिएन्नाच्या पेटंट ऑफिसनं अर्ज मान्य केला म्हणतोस. चांगलं झालं. हे मी तिरकसपणे लिहीत नाही, खरंच चांगलं झालं. खुराड्याचं आपोआप लागणारं दार केलंस तेव्हा कोंबड्या बाहेर राहिल्या आणि कोल्हा आत कोंडला गेला. टोपीचा चाप केलास तर तो कुणा इंग्रजानं आधीच केलेला निघाला. एवढ्या वर्षांत एकदा तरी त्या लोकांनी 'हो' म्हटलं. गावात दोन-चार जणांना सांगितलं. सगळे म्हणाले, अरे वा. मग विचारलं, म्हणजे आता इग्नात्स घरी येणार? मी म्हटलं, बघू.

आता दोन महिने ते कागद सगळ्यांसाठी उघडे ठेवणार आणि कुणाची हरकत असेल तर ऐकून घेणार, असं तू लिहिलंस. चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार पाद्री विचारतो, तसंच हे दिसतंय. आपल्या वेळी कुणी हरकत घेतली नाही. घ्यायला हवी होती, असं माझी आई मरेपर्यंत म्हणत होती.

वकिलानं लिहिलेलं वर्णन वाचलं. 'शंक्वाकृती दळण-अवयव, जो स्थितिस्थापक साधनाच्या दाबाने कवचाच्या आतील पृष्ठभागाशी…' दोनदा वाचलं, मग टेबलावरच्या चक्कीकडे पाहिलं. लोखंडाची, बुटकी, आत तू जुन्या कुलपातून काढून बसवलेली स्प्रिंग. तिला म्हटलं, बाई, ही तूच का गं? बाकीच्या चक्क्या खसखशीचं तेल सुटलं की तुंबतात आणि ही तुंबत नाही, एवढंच सांगायला त्या माणसाला दोन पानं का लागली, मला कळलं नाही.

चक्कीच्या पोटावर रोझीनाचं नाव ओतायचं म्हणतोस. मला विचारशील तर नको. लोखंडावर नाव ओतून मुलगी परत येत नाही. पण तू विचारलंयस कुठे, तू कळवलंयस.

तिची कबर मी साफ केली. बर्फानं क्रूस थोडा कलला होता, सिरिलनं येऊन सरळ केला. मुलगी गेली तरी हा जावई अजून येतो. दर रविवारी येतो, एखादं कुलूप दुरुस्त करतो आणि जातो. तुझं कुलपांचं दुकान बाकी बंदच आहे. किल्ल्या घासून देण्याइतपत मला येतं, मोठी कामं लोक ब्रोदला नेतात.

तुला बोचावं म्हणून लिहीत नाही, पण दीड वर्षापूर्वी नोव्हेंबरात तू आलास तेव्हा तिला पुरून एक दिवस झाला होता. तार तुला वेळेत मिळाली होती. 'वकिलाला भेटून निघालो', असं तूच म्हणालास. दोन दिवस राहिलास आणि परत गेलास. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पत्रात चक्की आहे. मी थकले आहे, इग्नात्स. भांडायलाही थकले आहे.

ओतिली

वेस्का, ५ एप्रिल

इग्नात्स,

इतक्या घाईनं लिहिलंस की अर्धी अक्षरं लागली नाहीत. लागली त्यांवरून कळलं ते असं: ब्रनोच्या कुणा कारखानदारानं हरकत घेतली. त्याचं म्हणणं, ही चक्की अर्ज करायच्या आधीच चारचौघांत वापरली गेली होती, वेस्कामध्ये, एका लग्नात. आणि जी वस्तू आधीच चारचौघांत आली ती कायद्यानं नवी नाही, तिला पेटंट मिळत नाही.

आणि तू मला विचारतोस, गावातलं कोण फितूर झालं?

अरे, तूच.

तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. लग्नाआधीचं भाजण विहीणबाईंकडे होतं, कारण आपली भट्टी लहान. कोलाचांच्या गोड पावांत भरायचा जॅम नवऱ्याकडचा, खसखस नवरीकडची, आणि ती तिथेच सगळ्यांसमोर दळायची, म्हणजे शिळी आणली असं कुणी म्हणायला नको. भाजणाच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, हेही तुला माहीत होतं. तू चक्की खांद्यावर घेऊन आत आलास. बायकांनी तुझ्या डोक्यावर पीठ उधळलं, कुणीतरी तुला फुलाफुलांचा एप्रन बांधला, आणि तू टेबलाला चक्की आवळून दांडा फिरवायला लागलास. अख्ख्या गावातल्या बायका बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच कोलाचांची परात आमंत्रण म्हणून घरोघरी फिरली, आणि प्रत्येक दारात सांगून झालं की यातली खसखस नवरीच्या बापानं दळली आहे. आता कोण फितूर झालं म्हणतोस. ही गोष्ट न सांगणारं माणूस गावात शोधावं लागेल. कारखान्याचा कुणी विक्रेता खानावळीत नुसता बियर पीत बसला असेल, तरी त्याच्या कानावर आली असेल.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तुला तरी दोष कसा देऊ. केलेली वस्तू चोरीच्या मालासारखी लपवून ठेवायची असते, हे इथे कुणाला माहीत? आपल्याकडे माणूस काही नवीन करतो ते दाखवायलाच करतो. शिवाय पेटंटचं खूळ तुझ्या डोक्यात घातलं ते त्या लग्नातच ना? शाळामास्तर तिसरा कोलाच खात म्हणाले, इग्नात्स, हे व्हिएन्नाला पाठव. ईस्टर झाल्यावर तू पाठवलंस आणि मागोमाग स्वतःही गेलास. लग्न नसतं तर अर्ज नसता, आणि लग्न होतं म्हणून अर्ज बुडतो आहे. देवाला अशी गंमत कधीकधी सुचते.

वकील म्हणतो मीच कुठे बोलले असेन, पण मी कुणाला बोलले नाही. बोलायला इथे आहे कोण?

ओतिली

वेस्का, २४ एप्रिल

इग्नात्स,

तू सांगितलंस तसं केलं. आवडीनं केलं नाही.

बायकांना विचारत फिरले. 'चक्की लग्नानंतर आली' असं सांगाल का? सगळ्या हसल्या. एक म्हणाली, चक्कीच काय, लग्नच झालं नाही म्हणून सांगते, कारखानदार आपला कोण लागतो? इतक्या मोकळेपणानं खोटं बोलायला तयार झालेलं गाव मी आजवर पाहिलं नव्हतं. पण ब्रोदच्या कोर्टानं त्यांच्यापैकी कुणाला बोलावलंच नाही. साक्षीला दोघीच: मी आणि विहीणबाई. घर त्यांचं, म्हणून त्या. मुलगी माझी, म्हणून मी.

त्यामुळे विहीणबाईंकडे, अपोलेनाबाईंकडे, जावं लागलं. गेल्या वर्षी मृतांच्या दिवशी कबरीजवळ भेटलो होतो, त्यानंतर मी त्यांचा उंबरा ओलांडला नव्हता. रोझीनाला ताप आला तेव्हा डॉक्टरला बोलावायला त्यांनी उशीर केला, हे माझ्या मनातून जात नाही. नवऱ्याच्या घरी मुलगी आजारी आणि बाप व्हिएन्नात, हे त्यांच्या मनातून जात नाही. आमच्या दोघींत बोलण्यासारखं एवढंच उरलं आहे, आणि तेच आम्ही बोलत नाही.

त्यांनी बसायला सांगितलं, कॉफी दिली. मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चक्की? कुठली चक्की? त्या दिवशी खसखस माझ्या उखळात कुटली. मी पहिल्यापासून हेच सांगत आले आहे."

हे मात्र खरं आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून त्या हेच सांगत आल्या आहेत. कोलाच चांगले झाले ते नवरीकडच्या यंत्रामुळे, हे त्यांच्या घशाखाली कधी उतरलंच नाही. मी तेव्हा घरी येऊन तुझ्याजवळ किती जळफळाट केला होता. आता त्याच खोट्यासाठी मी त्यांचे आभार मानले.

निघताना दारात म्हणाल्या, "ओतिली, मी हे इग्नात्ससाठी करत नाही. तिच्या नावाचं काहीतरी मागे राहावं. ती माझीही होती."

मी मान हलवली. घरी येताना वाटेत दगडावर बसावं लागलं. हातात ओझं काही नव्हतं.

ओतिली

वेस्का, १७ मे

इग्नात्स,

वकिलाचा निरोप कळला. बायकोला नवऱ्याच्या प्रकरणात साक्ष द्यायची सक्ती नसते, मी फक्त 'बोलत नाही' म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. हे जमेल. गप्प बसायची मला चांगली सवय आहे.

ब्रोदला मी अपोलेनाबाईंबरोबरच जाणार आहे, सिरिल गाडी जुंपेल.

तुझ्या पत्राचा दुसरा भाग मी बरेच दिवस उत्तर न देता ठेवला होता, आता देते. पेटंट पक्कं झालं की तिथला कारखाना चक्की बनवायला घेईल, तू तिथेच देखरेखीला राहशील, आणि मीही घर मोडून यावं, दोन खोल्या मिळतील, खाली ट्राम आहे. इग्नात्स, मी येणार नाही. ट्रामचं मला काय करायचंय? इथे तिची कबर आहे. तू म्हणशील, तीही मागे ठेवावी लागते. तू ठेवलीस. मला जमणार नाही.

म्हणजे असं आहे की पेटंट मिळालं तर तू कायमचा तिकडे. नाही मिळालं तर तू म्हणशील की सगळं फुकट गेलं, मग कुठल्या तोंडानं परत येऊ. दोन्हीकडून घर रिकामंच राहतं. तरी मी गप्प बसेन. दोन वर्षं तू त्या चक्कीला धरून उभा आहेस. ती काढून घेतली तर तू पडशील, अशी मला भीती वाटते. मी तुझ्यावर चिडले आहे, पण तू पडावंस असं मला वाटत नाही.

लोकरीचे मोजे पाठवते आहे. उन्हाळा आला हे मला माहीत आहे. विणून झाले होते म्हणून पाठवते.

ओतिली

वेस्का, ३ जून

इग्नात्स,

वकिलानं तुला कळवलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक. त्याच्या पत्रात नुसता निकाल असेल.

कोर्टाची खोली लहान होती. मध्ये क्रूस, त्याच्या दोन बाजूंना दोन मेणबत्त्या पेटवलेल्या, शपथेसाठी. न्यायाधीश तरुण, त्याला सर्दी झालेली, सारखा रुमाल शोधत होता. कारखान्याचा वकील जाडा आणि अतिशय गोड बोलणारा. मला आधी बोलावलं. मी म्हटलं, मी अर्जदाराची बायको, मला बोलायचं नाही. न्यायाधीश म्हणाला, तुमचा हक्क आहे, जा. जाणार कुठे? गाडी एकच, आणि गुडघा उभा राहू देईना. मागच्या बाकावर बसले. कुणी उठवलं नाही.

मग विहीणबाई. काळा रेशमी रुमाल बांधून आल्या होत्या, ईस्टरला बांधतात तो. शपथ घेतली. चक्की होती का? नव्हती. कशावरून? खसखस माझ्या उखळात कुटली. सगळं ठरल्याप्रमाणे. मी गुडघा चोळत बसले होते, मनात म्हणत होते, झालं, सुटलो.

पण तो जाडा वकील हुशार. तो म्हणाला, "बाई, तुमच्याकडे तर खसखस नवरीकडचे लोक आणतात आणि तिथेच दळतात, अशी रीत आहे ना? मग त्यांनी काय आणलं?"

अपोलेनाबाईंनी रुमालाची गाठ सारखी केली. मग म्हणाल्या, "काही नाही. खसखस माझी, उखळ माझं, कुटणारे हात माझ्या घरचे. मुलगी रिकाम्या हातानं आली."

त्यांनी हे दुष्टपणानं म्हटलं नाही, इग्नात्स. मी त्यांचा चेहरा पाहत होते. खोटं सांगायला निघालेलं माणूस भोक बुजवायला हाताला येईल ते घालतं, तसं त्यांनी घातलं. माझ्याच सांगण्यावरून घातलं. माझं तोंड कडू झालं, तरी मी गप्प राहिले. मेलेल्या मुलीला कोण काय म्हणतं यानं आता काय फरक पडतो, असं स्वतःला समजावलं.

वकिलानं पुढे विचारलं, "आणि तिचा बाप? तो स्वतः भाजणाच्या खोलीत होता, असं आमच्या कानावर आलं आहे."

"बाप?" अपोलेनाबाई म्हणाल्या. "बाप आलाच नव्हता."

हे म्हणताना त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात भाजण नव्हतं. त्यांच्या मनात नोव्हेंबर होता, आणि माझ्याही. त्या खोलीत आम्हा दोघींनाच कळलं की त्या कशाबद्दल बोलल्या.

नोव्हेंबरात तू वेळेवर आला नाहीस. ते खरं आहे आणि मी ते कधी विसरणार नाही. पण फेब्रुवारीत, लग्नाच्या भाजणाला, तू आला होतास. कोर्टाच्या दप्तरात जर एकच गोष्ट लिहिली जाणार असेल, की बाप आला नव्हता, तर ते मला चालेना. मी उठले. उठले कशी, हे मला सांगता येणार नाही. म्हटलं, साहेब, मला बोलायचं आहे.

न्यायाधीश म्हणाला, तुम्ही तर नको म्हणालात. मी म्हटलं, आता हवंय. त्यानं बजावलं की हे तुमच्या नवऱ्याच्या विरुद्ध जाऊ शकतं. मी म्हटलं, मला कळतं. मग मेणबत्त्यांसमोर उभं केलं आणि शपथ दिली. तुझा वकील व्हिएन्नाहून यायचा होता, तो आला नव्हता, त्याचा कारकून आला होता. तो कपाळाला हात लावून बसला.

मी सगळं सांगितलं. चक्की होती. तू ती खांद्यावर आणलीस. एप्रन कुठल्या फुलांचा होता तेही सांगितलं. खसखस आपल्याच मळ्यातली होती, रोझीनानं स्वतः बोंडं फोडून चाळलेली. ती रिकाम्या हातानं गेली नाही.

न्यायाधीशानं अपोलेनाबाईंना विचारलं, तुमच्या आठवणीत काही चूक होत असेल तर आत्ताच दुरुस्त करा, नंतर ती चूक राहणार नाही, गुन्हा होईल. मी मान खाली घातली. मीच त्यांना यात ओढलं होतं आणि मीच त्यांना उघडं पाडलं होतं. जिनं उभ्या आयुष्यात कुणाचं काही मान्य केलं नाही, ती बाई काय बोलेल याची मला धडकी भरली होती.

त्या म्हणाल्या, "वय झालं, साहेब. असेल चक्की." मग म्हणाल्या, "होती. खसखस लोण्यासारखी झाली होती."

जाड्या वकिलाचं काम झालं होतं, तो कागद आवरायला लागला. न्यायाधीश मात्र नाक पुसत माझ्याकडे बघत राहिला. त्याला एक कळेना. म्हणाला, "एवढ्या बायका होत्या. तुमच्या नवऱ्यानं तो दांडा दिवसभर स्वतःच का फिरवला? दुसऱ्या कुणाला का दिला नाही?"

"मुलगी जाणार होती, साहेब," मी म्हटलं. "त्याला हातांना काहीतरी काम हवं होतं."

कोर्टाच्या कारकुनानं विचारलं, हे लिहायचं का? न्यायाधीश म्हणाला, लिहा.

परत येताना आम्ही तिघं एकाच गाडीत होतो. ब्रोद मागे पडल्यावर अपोलेनाबाईंनी आपली शाल माझ्या गुडघ्यांवर टाकली. सिरिल पुढे बसून रडत होता. आम्ही दोघी रस्त्याकडे बघत होतो.

आता कारखानदार ती चक्की करेल, दुसरे चार जण करतील, आणि पुढच्या वर्षी ती प्रत्येक घरात असेल. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. तिच्यावर कुणाचंच नाव नसेल. तू दोन वर्षं जे उभं केलंस ते मी एका दुपारी पाडलं, तेही तू गप्प राहा म्हणून सांगितलेलं असताना. मला त्याचा पश्चात्ताप होतो का, हे मी स्वतःला रोज विचारते. तुझ्यासाठी वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. पण पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन.

पेटंट गेलं, इग्नात्स, आणि ते मी घालवलं. तुला रागवायचं असेल, आणि असणारच, तर घरी येऊन रागाव. पत्रातून भांडायचं त्राण आता माझ्यात उरलं नाही.

ओतिली